बघायचा हात, करायचा हात

नवा संगणक आला त्या पहिल्याच दिवशी कानसेनने माऊस कचऱ्याच्या टोपलीत टाकला. भिरकावला नाही. वायर नीट गुंडाळली, खुर्चीवरून उठला, चार पावलं गेला, पायाने टोपली चाचपली आणि आत ठेवला. मग परत येऊन बसला आणि माझ्या हेडफोनमध्ये म्हणाला, "हं बाई, पुढचं पान."

"पुढचं पान कशावर घेणार?" मी काचेच्या अलीकडून विचारलं. "मशीन तर टोपलीत टाकलंत."

"मशीन नाही टाकलं. मशीनची शेपटी टाकली."

हा माणूस चिडला की हळू बोलतो. अकरा वर्षं मी त्याला ओळखते, तरी त्याचा हळू आवाज ऐकला की अजून मी पान उलटायची थांबते. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र तो 'तो'च होतो, त्याला इलाज नाही.

आमचं ग्रंथालय अंधांसाठी आहे. आम्ही काही जण पुस्तकं मोठ्याने वाचतो आणि कानसेन ती ध्वनिमुद्रित करतो. जागा दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. नवीन माणूस आला की कानसेन त्याला सांगतो, "दिसत नसेल तर खाली जायचं. तरीही दिसलं नाही तर वर यायचं." एक वाचायची खोली, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. एक त्याची खोली. मध्ये दुहेरी काच. माझे यजमान गेल्यानंतर मी तिथे वाचायला जाऊ लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडून एकच वाक्य नऊ वेळा वाचून घेतलं. दहाव्या वेळी मी पुस्तक आपटायच्या बेतात होते. तो म्हणाला, "आता आलं. चिडल्यावर तुम्ही चांगलं वाचता." तेव्हापासून आमचं जमलं.

त्याची नजर सोळाव्या वर्षापर्यंत हळूहळू गेली. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे तारा आणि स्क्रू त्याला लहानपणापासून बोटांनी ओळखीचे. सव्विसाव्या वर्षी तो आमच्याकडे लागला, पण खुर्चीवर नाही, बाहेर, टेलिफोनवर. फोन उचलायचा, नाव विचारायचं, सचिवांना जोडून द्यायचं. संध्याकाळी सगळे गेले की आत येऊन तो टेपवर हात बसवायचा. ब्लेडने टेप तिरपी कापून चिकटवायचा, कुठे जोडलंय ते कुणाला ऐकू यायचं नाही. "टेलिफोनपासून या खुर्चीपर्यंत पंधरा पावलं आहेत," तो एकदा म्हणाला होता. "मला सहा वर्षं लागली."

त्या खुर्चीसमोर पंचवीस वर्षं आवाजाचं एक मोठं मिक्सर होतं. प्रत्येक मायक्रोफोनचा एक फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी दांडी. वर केली की आवाज मोठा, खाली केली की लहान. कानसेनची बोटं दिवसभर त्या दांड्यांवर असायची, ताप बघायला कपाळावर हात ठेवावा इतकी हलकी. आवाज कुठे आहे हे त्याला कानाने कळायचं आणि फेडर कुठे आहे हे बोटांनी. माझा आवाज वाक्याच्या शेवटी बसतो. तो बसायच्या आधीच त्याचं बोट वर गेलेलं असायचं.

एप्रिलच्या शेवटी ते मिक्सर कायमचं बंद पडलं. सचिवांनी संगणक आणला. त्यात फेडर होते, पण चित्रातले. माऊसने धरून ओढायचे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक बोलका प्रोग्रॅम त्यांनी घालून दिला होता, पण तो मी वाचत असतानाच बोलायचा. "दोन बायका एकदम बोलायला लागल्या की मला एकीचंही कळत नाही," कानसेन म्हणाला. "घरी एक आहे, तेवढी पुरे."

माऊस टोपलीत गेल्याच्या चौथ्या दिवशी सचिवांनी त्याच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "वाचून घ्या." आंधळ्या माणसाला. अंधांच्या ग्रंथालयाच्या सचिवांनी. हे लिहितानाही माझं पेन कागदात रुततंय.

पत्र मला वाचून दाखवावं लागलं. नवी पद्धत लक्षात घेता, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आपण टेलिफोनवर बसावे. ध्वनिमुद्रणाचे काम डोळस व्यक्तीकडे सोपवण्यात येईल. मी जमेल तितक्या सपाट आवाजात वाचलं.

"शेवटचं वाक्य परत," तो म्हणाला.

मी परत वाचलं. त्याने कागद घेतला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला.

मी सचिवांकडे गेले. माणूस टापटिपीचा, टेबलावर पेन्सिली एका रांगेत. "तुम्ही त्याला पंधरा पावलं मागे पाठवताय," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. मी व्यवहार बघतोय. त्याला पडदा दिसत नाही."

"मिक्सरही दिसत नव्हतं. पंचवीस वर्षं तुमच्या लक्षात आलं नाही."

ते पेन्सिली सरळ करत राहिले. शेवटी म्हणाले, चोवीस तारखेला, शुक्रवारी, समितीची बैठक आहे. तोवर नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, कुणाही डोळस माणसाचा हात न लागता, त्याने तयार करून ऐकवलं तर पुन्हा विचार करू. त्यांना वाटलं होतं, या अटीने त्यांनी आमच्यापुढे भिंतच उभी केली.

दुसऱ्या एका गावातल्या अंध ध्वनिमुद्रकाने कानसेनला फोनवर सांगितलं होतं की संगणकाला जोडायचे खरे फेडर मिळतात. त्याला कंट्रोल सरफेस म्हणतात. पडद्यावरचा प्रत्येक फेडर तुमच्या हाताखाली येतो. एका कंपनीने ते महिनाभर वापरून बघायला द्यायचं कबूल केलं आणि मेच्या सहा तारखेला तिथली एक तंत्रज्ञ बाई खोकं घेऊन आली. पस्तिशीची, भरभर बोलणारी, खिशात स्क्रूड्रायव्हर. तिला आम्ही कंपनीवाली म्हणू लागलो.

खोक्यातून निघालं ते मोठ्या ट्रेएवढं. आठ फेडर, शेजारी एक मोठा, वर गोल बटणांची रांग, उजवीकडे चालू-बंद-रेकॉर्ड. प्रत्येक फेडरच्या पोटात एक छोटी मोटर. कंपनीवालीने वायर जोडली, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममधल्या यादीतून नाव निवडलं. कानसेनने पहिला फेडर वर केला. पडद्यावरचा वर गेला.

"आणि पडद्यावरचा हलवला तर?" त्याने विचारलं.

तिने हलवला. त्याच्या बोटाखाली काहीच झालं नाही.

"हे माझं ऐकतंय," कानसेन म्हणाला, "पण मला काही सांगत नाही. असा सचिव आमच्याकडे आधीच आहे."

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. ते मी वाचलं. नन्सनी पट्ट्या मारून शिकवलेलं इंग्रजी शेवटी तिथे कामाला आलं. एकतिसाव्या पानावर सापडलं. यादीत एकच नाव दोन ठिकाणी निवडायचं असतं, एक जाणाऱ्या निरोपासाठी, एक येणाऱ्या. आम्ही जाणारा निवडला होता, येणारा रिकामा होता. शिवाय मशीन सुरू करताना एक बटण दाबून धरायचं, म्हणजे ते या प्रोग्रॅमच्या भाषेत बोलतं. कंपनीवालीने दोन्ही केलं आणि नऊच्या नऊ फेडर खर्रकन वर जाऊन खाली आले. कानसेन दचकला, मग हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

"आता गंमत ऐका, काका," ती म्हणाली. "तुम्ही आवाज वर-खाली केलात की प्रोग्रॅम ते लक्षात ठेवतो. परत लावलं की फेडर आपले आपण तसेच हलतात. थांबा, हात लावू नका, दाखवते."

तो शाळेतल्यासारखा हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मोटरी कुरकुरल्या, फेडर हलले, त्याने ऐकले. आम्ही दोघी डोळस बायका कौतुकाने बघत होतो. हाताने बघणाऱ्या माणसाला आम्ही हात बांधायला लावून दाखवत होतो, आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिला आठवडा हात बसण्यात गेला. बटणं त्याने दोन दिवसांत पाठ केली. मग मी पहिलं प्रकरण वाचलं, पन्नास मिनिटांचं, आणि सोमवारी तेरा तारखेला तो आवाज सारखा करायला बसला. जिथे मी बसते तिथे वर, पान उलटताना श्वास ओढते तिथे खाली. संध्याकाळी खूश होऊन घरी गेला.

मंगळवारी त्याने कालचं काम तपासायला लावलं, बोटं फेडरवर ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मेलेत," तो म्हणाला. "हलतच नाहीत."

आणि हेडफोनमध्ये माझा आवाज वाक्यावाक्याला बसत होता, जणू त्याने कधी हात लावलाच नव्हता. त्याने सगळं पुन्हा केलं. बुधवारी पुन्हा गेलं. गुरुवारी त्याने खोलीला कुलूप लावून किल्ली घरी नेली. शुक्रवारी तपासलं तर पुन्हा तेच. मी रोजच्या वहीत लिहीत गेले: इतकी मिनिटं केली, इतकी गेली. सचिव दारात येऊन मान हलवून जायचे. त्यांना काही बोलावंही लागत नव्हतं, आणि त्याचाच मला अधिक संताप यायचा.

काही अडलं तर आपल्या ऑफिसातून तुमच्या संगणकात बघता येतं, असं कंपनीवाली जाताना म्हणाली होती. वीस तारखेला कानसेनने तिला स्पीकरवर फोन लावला. अगदी हळू बोलत होता.

"मॅडम, तुम्ही सचिवांच्या कोण लागता?"

"कुणीच नाही. का?"

"मग माझं काम रोज पुसायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

ती म्हणाली, "काका, तुमच्या बाईंचे उसासे पुसून मला काय मिळणार आहे? मी तुमच्यासाठी माझ्या साहेबांशी भांडून ते मशीन आणलं. शुक्रवारी येऊन परत नेते." आणि फोन ठेवला.

"चुकीचं केलंत," मी म्हटलं.

"मग तुम्ही सांगा कोण करतंय. तुम्हाला डोळे आहेत ना?"

हे त्याने मला अकरा वर्षांत कधी ऐकवलं नव्हतं. मी पर्स उचलली आणि घरी गेले. मंगळवारी गेले नाही. बुधवारी गेले, कारण घरी बसून राग शिळा होत होता.

बुधवारी दुपारी त्याची बायको आली. तो डबा विसरला होता. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. जेवणाच्या सुटीत धावत आली होती. कानसेनने हेडफोन काढून ठेवले आणि प्रकरण चालू तसंच सोडून दाराशी गेला. मी वाचायच्या खोलीत बसून होते, हेडफोन कानात. समोर काच, काचेपलीकडे रिकामी खुर्ची.

आणि फेडर हलत होते. माझा आवाज बसायला आला की पहिला फेडर अलगद वर जायचा. पान उलटलं की खाली. शुक्रवारी पुसलं गेलेलं, काल त्याने पुन्हा केलेलं सगळं काम जसंच्या तसं तिथे होतं. मी उठून उभी राहिले. तेवढ्यात तो परत आला, बसला, हेडफोन घातले, बोटं फेडरवर ठेवली. फेडर जागच्या जागी थांबले. माझा आवाज बसला. वहीत मी वेळ लिहिली आहे, बारा चाळीस.

"बघा," तो म्हणाला. "परत मेले."

मी त्याच्या खोलीत गेले. "तुम्हीच मारताय."

"काय?"

"तुम्ही हात ठेवलात की ते थांबतात. हात उचला."

त्याने उचलला. मोटरी कुरकुरल्या. ठेवला. थांबल्या. उचलला. तीनदा केलं त्याने.

मी माहितीपुस्तक उघडलं. अठ्ठावन्नावं पान. त्या फेडरना बोटाचा स्पर्श कळतो. तुम्ही हात लावला की मशीन समजतं, मालकाला काहीतरी बदलायचंय. मोटर माघार घेते आणि जिथे तुमचं बोट आहे तेच नवीन म्हणून लिहून घेते, जुनं पुसून. डोळस माणूस तपासताना नुसतं बघतो. हा तपासायला हात लावायचा, हात लावला की फेडर मरायचे, मेलेले बघून त्याला वाटायचं कुणीतरी पुसलंय, आणि त्याच क्षणी ते खरोखर पुसलं जायचं. वहीत बघितलं तर सगळं उघड होतं. जेवढी मिनिटं त्याने दुसऱ्यांदा ऐकली होती, नेमकी तेवढीच गेली होती. मीच लिहिलेलं, मीच वाचलं नव्हतं. आणि ते पान 'नंतर वाचण्यासाठी' या भागात आहे म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, हे सोडून देऊ.

दारात त्याची बायको अजून उभी होती. "लेक लहान असताना हेच करायचात तुम्ही," ती म्हणाली. "झोपली का बघायला तिला हलवून उठवायचं, आणि मग म्हणायचं, झोपलीच नाही अजून."

कुणी हसलं नाही. मग तोच हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"यावर उपाय दिलाय," मी वाचलं. "एक बटण आहे. दाबलं की नुसतं वाजतं, लिहीत नाही. दाबलेलं आहे की नाही ते हिरव्या दिव्यावरून कळतं."

"दिवा," कानसेन हळूच म्हणाला. "वा. आंधळ्याला दिवा. एकदा विसरलो की गेलं प्रकरण."

त्याच्या बायकोने पिशवीतून कॉलरच्या अस्तराचा तुकडा काढला, त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळला आणि ते बोट स्वतः धरून फेडरवर ठेवलं. फेडर बोटाला घेऊन वर गेला. खाली आला.

तिचा हात त्याने सोडला नाही.

दहा मिनिटांनी घामाने अस्तर ओलं झालं आणि मशीनला पुन्हा स्पर्श कळायला लागला. ती म्हणाली, "दुहेरी लावते," आणि कामावर गेली. गुरुवारी सकाळी तो डाव्या हातात हातमोजा घालून आला, बोटांच्या टोकांना दुहेरी अस्तर, टीप कॉलरसारखी बारीक. डावा हात बघायचा, उजवा हात करायचा. दिवसभरात त्याने पन्नास मिनिटं सारखी केली, संध्याकाळी डाव्या हाताने तपासली, एकही गेलं नाही. एका जागी म्हणाला, "इथे तुम्ही सचिवांवर रागावलेल्या आहात," आणि ते खरं होतं.

घरी जायच्या आधी त्याने पुन्हा स्पीकरवर फोन लावला.

"मॅडम, चोर सापडला."

"कोण?"

"माझा डावा हात."

"काय शिक्षा केलीत त्याला?"

"मोज्यात कोंडलाय. मॅडम, मी चुकलो." हे त्याने मोठ्या आवाजात म्हटलं. दुहेरी काचेपलीकडेही ऐकू गेलं असतं. "पण तुम्हीही मला 'हात लावू नका' म्हणाला होतात."

"हो," ती म्हणाली. "ते मी लिहून घेते. पुढच्या माणसाला हात लावूनच दाखवीन. आणि काका, मी चार दिवस धड जेवले नाही. हेही तुम्ही लिहून घ्या." शुक्रवारी मशीन न्यायला येऊ नका, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

शुक्रवारी समितीची पाच माणसं त्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टरबाई. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं, मग हातमोजा मागून घेतला, उलटा करून टीप बघितली आणि परत दिला. "मला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

सचिव पुढे झाले. "छान झालं. मग ते पत्र विसरून जा."

"कसं विसरू?" कानसेनचा आवाज इतका खाली गेला की सगळे पुढे वाकले. "कागदावर दिलंत. मागे घ्याल तेही कागदावर."

सचिवांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग सचिवांनी तिथेच उभ्याने चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही.

"मला वाचता येत नाही, साहेब. आत मायक्रोफोन आहे. वाचून द्या."

"इथेच वाचतो ना."

"जा हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी वाचायची खोली रिकामी करून दिली आणि इकडे येऊन उभी राहिले. सचिव माझ्या खुर्चीत बसले, हेडफोन घातले. कानसेनने डावा हात फेडरवर ठेवला, उजव्याने रेकॉर्डचं बटण दाबलं. त्यांनी वाचलं. मागील पत्र रद्द करण्यात येत आहे. ध्वनिमुद्रणाचे काम पूर्ववत आपल्याकडेच राहील.

"शेवटी आवाज बसला," कानसेन म्हणाला. "शेवटचं वाक्य परत."

त्यांनी परत वाचलं.

"पुटपुटलात. परत."

फेडर त्याला सहज वर करता आला असता. उजवा हात मोकळाच होता. तो मांडीवर ठेवून बसला होता. तिसऱ्या वेळी सचिव एका दमात वाचून मोकळे झाले. चौथ्या वेळी त्यांचा चेहरा लाल झाला आणि एकेक शब्द तोडून, काच हादरेल इतक्या मोठ्याने त्यांनी ते वाक्य म्हटलं.

"आलं," कानसेन म्हणाला. "हे ठेवतो."

सचिव हेडफोन काढून बाहेर आले. तेवढ्यात पॅसेजमध्ये टेलिफोन वाजायला लागला. तिथे कुणी नव्हतं. तो वाजत राहिला, आणि खोलीतलं कुणी हललं नाही.

"साहेब," कानसेन म्हणाला, "फोन वाजतोय. तुम्ही दाराजवळ आहात."